‘रामदास’ला किती वेळ मिळाला?

आजचा विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल, पनवेलला बसून बुडत्या बोटीच्या गोष्टी कशाला? आता तर अटल सेतू झालाय. जानेवारी २०२४ पासून शिवडीहून न्हावा-शेवाला माणूस गाडीत बसून जातो आणि खाली समुद्र आहे हे त्याला मोबाइलमधून मान वर केली तरच कळतं. पण पनवेल हे मुळात बंदर. १८३० मध्ये बोरघाटातला गाडीरस्ता खुला झाला तेव्हा मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस बोटीनं खाडीतून पनवेलला उतरायचा आणि इथून घाटाकडे निघायचा. पुढे १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत आली आणि पनवेल बंदराचं महत्त्व हळूहळू ओसरलं. तरीसुद्धा आपल्या जिल्ह्याचा, म्हणजे जुन्या कुलाब्याचा, मुंबईशी संबंध पुढची शंभर वर्षं पाण्यावरूनच राहिला. उरण, करंजा, रेवस, मांडवा, धरमतर ही आपल्या आजे-पणज्यांची स्टेशनं होती.

आणि या पाण्यावरची सगळ्यात मोठी दुर्घटना म्हणजे ‘रामदास’.

घटना तुमच्यातल्या पुष्कळांना ऐकून माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १७ जुलै १९४७, गुरुवार. आषाढ अमावास्या, आपली गटारी. सकाळी आठच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावरून ‘रामदास’ रेवसला निघाली. बोट नवी म्हणावी अशीच होती, १९३६ मध्ये इंग्लंडात बांधलेली. कंपनी इंडियन को-ऑपरेटिव्ह नॅव्हिगेशन. कोकणातली माणसं तिला ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणायची. गोऱ्यांच्या बोट कंपन्यांना टक्कर द्यायला आपल्या लोकांनी सहकारी तत्त्वावर काढलेली. बोटींना नावं संतांची. ‘तुकाराम’, ‘रामदास’. भाविक माणसाला त्या नावाचाच आधार वाटायचा.

पाऊस, वारा, खवळलेला समुद्र. बोट धक्क्यावरून निघून अर्धा-पाऊण तासही झाला नव्हता. काशाच्या खडकाजवळ, ज्याला इंग्रजी नकाशात गल आयलंड म्हणतात, तिथे एक प्रचंड लाट एका कुशीवर आदळली. बोट कलली. माणसं घाबरून दुसऱ्या बाजूला धावली. त्या बाजूला दुसरी लाट आणि सगळ्या माणसांचं ते वजन. बोट आडवी झाली आणि गेली. सहाशेहून जास्त माणसं मेली. स्वातंत्र्य एकोणतीस दिवसांवर होतं. वर्तमानपत्रांची पानं फाळणीनं भरलेली होती. ‘रामदास’ त्यात दबून गेली ती गेलीच. देशाच्या इतिहासात तिला दोन ओळी मिळाल्या नाहीत. आपल्या किनाऱ्यावर मात्र गटारी आली की म्हाताऱ्या बायका अजून तिचं नाव काढतात.

आता आजचा प्रश्न. ‘रामदास’ची गोष्ट सांगितली की ऐकणारा हटकून विचारतो, बोटीवर होड्या नव्हत्या का? लाइफबोट सोडल्या का नाहीत? सिनेमात पाहिलेलं असतं ना! टायटॅनिक बुडते, बायका-मुलं होड्यांत बसतात, दोर हळूहळू सुटतात, होड्या पाण्यावर. आपल्याला वाटतं, होड्या पुरेशा असत्या तर सगळे वाचले असते. १९१२ नंतर जगालाही तसंच वाटलं होतं. म्हणून १९१४ मध्ये लंडनला आंतरराष्ट्रीय परिषद भरली, समुद्रावरच्या जिवांच्या सुरक्षिततेचा पहिला करार झाला, आणि बोटीवर जितकी माणसं तितक्या होड्यांतल्या जागा, हे तत्त्व ठरलं. तत्त्व बरोबरच आहे. त्याबद्दल कोणी वाद घालणार नाही. पण टायटॅनिकनं एक फसवी समजूत मागे ठेवली. तिला बुडायला दोन तास चाळीस मिनिटं लागली. त्या रात्री अटलांटिक तळ्यासारखा शांत होता, आणि ती बराच वेळ जवळजवळ सरळ उभी होती. म्हणून बहुतेक होड्या नीट उतरल्या. वेळ, शांत पाणी आणि सरळ उभी बोट या तिन्ही गोष्टी एकाच वेळी मिळणं ही समुद्रावरची लॉटरी आहे.

होडी सोडायची म्हणजे काय करायचं, ते जरा बघू. कारण त्याशिवाय ‘रामदास’वर काय झालं असेल ते कळत नाही.

लाइफबोट ही बोटीच्या वरच्या डेकवर, कुशीला, दोन वाकड्या लोखंडी दांड्यांना टांगलेली असते. या दांड्यांना डेव्हिट म्हणतात. एक दांडा होडीच्या नाळेकडे, एक मागे. प्रत्येकाला कप्प्यांतून ओवलेला दोर आणि दोराच्या टोकाला हूक. आधी होडीवरचं कापड काढायचं. डेकशी बांधलेले पट्टे सोडायचे. मग ती बाहेर झुलवायची, म्हणजे कठड्याच्या पलीकडे, खाली नुसतं पाणी राहील अशी. मग माणसं बसवायची. मग दोन्ही टोकांचे दोर सारख्या गतीनं सोडायचे. हे ‘सारख्या गतीनं’ वाचायला सोपं आहे. पुढचा दोर हातभर जास्त सुटला की होडी नाळेवर उभी राहते आणि आतली माणसं टोपलीतून कांदे पडावेत तशी पाण्यात पडतात. हे अनेक बोटींवर अनेकदा झालेलं आहे.

समजा, होडी सरळ उतरली. आता खाली लाटा आहेत. लाट वर आली की होडीला उचलते, दोर सैल पडतात. लाट खाली गेली की होडी दोरांना हिसका देऊन लटकते. त्या हिसक्यात हूक तुटतात, माणसांची बोटं तुटतात. तर होडी पाण्याला लागताना, लाटेच्या माथ्यावर, दोर सैल असतानाच्या त्या एक-दोन क्षणांत दोन्ही हूक सुटले पाहिजेत. बोट अजून पुढे चालत असेल तर आधी मागचा हूक, मग पुढचा. उलटं केलं तर होडी पुढच्या बाजूनं मोकळी होते, मागून अडकलेली राहते, पाण्याचा लोंढा तिला आडवी फिरवतो आणि पालथी घालतो. त्यासाठी नाळेला एक लांब दोर आधीच बोटीवर पुढे बांधून ठेवतात, म्हणजे हूक सुटल्यावरही होडी बोटीला धरून राहते आणि सुकाणू वळवून तिला बाजूला काढता येतं. आणि हे सगळं वाऱ्याच्या आडोशाच्या कुशीला करायचं. म्हणून कप्तान शक्य असेल तर बोट वळवून त्या बाजूला आडोसा करून देतो. जुने खलाशी तर पाण्यावर तेल ओतायचे. थोड्या तेलानं लाटेचा फेसाळता माथा फुटत नाही, हा कोळ्यांचाही अनुभव आहे.

एवढं ऐकून तुमच्या लक्षात आलं असेल की हे काम भिंतीवरची सूचना वाचून करण्यातलं नाही. ते हाताला सवय असलेल्या सहा-आठ माणसांचं काम आहे. आणि त्यांनासुद्धा पंधरा-वीस मिनिटं हवीत.

यात आणखी एक मोठी अडचण आहे, आणि माझ्या मते सगळ्यात घातक तीच. बोट एका कुशीवर कलली की काय होतं? वर गेलेल्या बाजूची होडी दांड्यावरून बाहेर जाण्याऐवजी आत, डेककडे, येऊन आदळते. ढकलून बाहेर काढली तरी खाली उतरताना ती बोटीच्या कुशीवर घासत, रिव्हेटवर आपटत जाते. खाली गेलेल्या बाजूची होडी उलट इतकी लांब झुलते की माणसाला कठड्यावरून उडी मारावी लागते. म्हणजे होड्या सगळ्यांना पुरतील एवढ्या असल्या तरी बोट कलली की त्यांतल्या निम्म्या मोजायच्याच नाहीत.

हे अंदाजानं सांगत नाही. ७ मे १९१५, ‘लुसिटानिया’. टायटॅनिकनंतर तीन वर्षं. होड्या भरपूर, मोठ्या-छोट्या मिळून ४८. पाणतीर लागला, बोट लगेच कलली, अठरा मिनिटांत तळाला. ४८ पैकी सहा होड्या नीट सुटल्या. सुमारे बाराशे माणसं गेली, तीही आयर्लंडचा किनारा डोळ्यांसमोर असताना.

‘व्हेस्ट्रिस’ची गोष्ट तर याहून बोचते. नोव्हेंबर १९२८, न्यूयॉर्कहून दक्षिण अमेरिकेला निघालेली बोट. ती एका दमात कलली नाही. दीड दिवस हळूहळू कलत गेली. म्हणजे वेळ होता. पण मदतीचा संदेश पाठवायला कप्तानानं उशीर केला. आणि शेवटी होड्या भरल्या तेव्हा, रिवाजाप्रमाणे, बायका-मुलं आधी. त्यांना बसवलं कुठल्या होड्यांत? वर गेलेल्या बाजूच्या. त्या होड्या कुशीला घासत फुटल्या, काही बोटीबरोबरच ओढल्या गेल्या. त्या बोटीवरचं एकही मूल वाचलं नाही. बहुतेक बायका गेल्या. पुरुष खलाशी खालच्या बाजूच्या होड्यांतून वाचले, आणि मग वर्तमानपत्रांनी त्यांना भ्याड ठरवलं. काही जण असतीलही. पण मुलं मेली ती मुळात चुकीच्या कुशीला बसवल्यामुळे. १९२९ साली सुरक्षिततेचा करार पुन्हा नव्यानं झाला, त्यामागे या बोटीचा मोठा हात होता.

आता पुन्हा काशाच्या खडकाजवळ येऊ.

‘रामदास’ला वीस मिनिटं मिळाली नाहीत, अठराही नाहीत. पहिली लाट, धावाधाव, दुसरी लाट. हे मिनिटांचं काम. होडीचे पट्टे सोडायलासुद्धा तेवढा वेळ पुरत नाही. त्यात एकही होडी रीतसर दोरांवरून उतरवता येणं शक्य नव्हतं, असं मी म्हणेन. होड्या दुप्पट असत्या तरी. म्हणून ‘होड्या असत्या तर’ हा प्रश्न ‘रामदास’पुरता चुकीच्या जागी लागतो. तो मागे न्यावा लागतो. ती बोट त्या दिवशी, त्या समुद्रात, तेवढी माणसं घेऊन निघाली का? आणि कलल्यावर माणसांना जागच्या जागी ठेवणारं कोणी होतं का?

या दुसऱ्या प्रश्नावर जरा थांबतो. माणसं हा बोटीवरचा सगळ्यात धोक्याचा माल. तांदळाची पोती लाट आली म्हणून पळत नाहीत. सहाशे माणसं धरा, माणशी साठ किलो. छत्तीस टन. हे छत्तीस टन वरच्या डेकवर एका कुशीकडून दुसऱ्या कुशीकडे आठ-दहा सेकंदांत सरकले, तर लहान प्रवासी बोटीचा तोल कुठला राहणार? आणि नेमकं तेव्हाच लाटेनं त्याच बाजूला ढकललं तर? बरं, पळणाऱ्या माणसाला दोष तरी कसा द्यायचा? पाणी अंगावर आलं तर माणूस उलट्या दिशेला पळणारच. त्याला आधी कोणीतरी सांगितलेलं असायला हवं. धमकावून बसवणारा, आवाज असलेला माणूस डेकवर हवा.

आणि हा धोका आधी कळला नव्हता असंही नाही. १८८८ च्या नोव्हेंबरात ‘वैतरणा’, लोकांच्या तोंडी ‘वीजळी’, कच्छच्या मांडवीहून मुंबईला येताना सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात नाहीशी झाली. सातशेच्या आसपास माणसं, त्यांत मॅट्रिकच्या परीक्षेला निघालेली पोरं. ती शेफर्ड कंपनीची बोट. चौकशीत निघालं की जीव वाचवायची साधनं पुरेशी नव्हती. पुढे ११ नोव्हेंबर १९२७ ला एकाच दिवशी, वादळात, ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी बुडाल्या. ‘जयंती’वरचं कोणीच वाचलं नाही. या दोन्ही बोटी ‘रामदास’च्याच कंपनीच्या होत्या. वीस वर्षांत एकाच कंपनीच्या तीन. सहकाराबद्दल, स्वदेशीबद्दल मला प्रेम आहे, पण समुद्र मालक कोण ते विचारत नाही.

मग सहाशेच्या वर मेले तरी दोनशेच्या आसपास वाचले, ते कसे? हे मला या सगळ्या कहाणीत सर्वांत मोलाचं वाटतं.

बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. म्हणजे ‘आम्ही बुडतोय’ हे मुंबईला कळायचा मार्गच नाही. शहराच्या तोंडाशी बोट बुडाली आणि शहराला बातमी मिळायला दुपार उलटली. तोवर पाण्यातली माणसं आपापल्या नशिबावर. ज्याच्या हाताला लाइफबॉय लागला तो त्याला धरून. एखाद्या फळकुटाला चार-चार जण. साधनांवरून मारामाऱ्या झाल्या, असं वाचलेल्यांनी सांगितलं आहे. रेवसकडच्या एका दहा वर्षांच्या मुलानं, पुढे म्हातारपणी, ही आठवण अनेकांना सांगितली. तो पोहत राहिला, त्याला आधार सापडला, म्हणून जगला.

आणि मग आले मचवे. रेवसचे कोळी मासळी भरून मुंबईला विकायला निघाले होते. समोर पाण्यात माणसं. त्यांनी काय केलं, तर मासळी समुद्रात टाकून दिली. पापलेट! पावसाळ्यातलं, सणाच्या दिवशीचं पापलेट, ज्याला मुंबईत चढा भाव. ते टाकून त्या जागी माणसं भरली. पाऊणशेच्या आसपास माणसं त्या मचव्यांनी काढली असं सांगतात. कुठल्या नियमात ते लिहिलेलं नव्हतं. तांडेलानं ठरवलं आणि झालं.

आणखी एक गोष्ट आहे, ती कोळ्याला न सांगता कळेल, आपल्याला समजून घ्यावी लागते. त्या दिवशी अमावास्या होती, म्हणजे उधाणाचं पाणी. अमावास्या-पौर्णिमेला मुंबईत भर भरती साधारण बारा-साडेबाराला असते आणि ओहोटी त्याआधी सहा तास. मग साडेआठला पाणी काय करत असणार? आत चढत असणार, बंदराच्या दिशेला, आणि उधाणाचं म्हणून जोरात. वाराही पावसाळ्यातला, नैर्ऋत्येचा, तोही आत ढकलणारा. तीच वेळ दुपारी तीनची असती तर ओहोटीनं माणसं खांदेरीच्या पलीकडे, उघड्या समुद्रात नेली असती. त्या सकाळी काही जण प्रवाहाबरोबर वाहत मुंबईच्या बाजूला लागले. एक बारा वर्षांचा मुलगा तर गेटवेच्या बाजूला जिवंत सापडला असं सांगतात, ते मला म्हणूनच अशक्य वाटत नाही. पाण्यात पडल्यावर प्रवाहाशी भांडायचं नाही, हे आपल्याकडे पोहायला शिकवताना सांगतात का? मला शंका आहे.

‘रामदास’नंतरच्या काळात तंत्र पुष्कळ पुढे गेलं. नायलॉनचे दोर, आपोआप बाहेर सरकणारे दांडे, वरून बंद असलेल्या होड्या, फुगवायचे तराफे. पण होडी सोडण्याची मूळ भानगड सुटली असं नाही. एक उदाहरण देतो, कारण त्यात शिकण्यासारखं फार आहे. २७ मार्च १९८०, उत्तर समुद्र, तेलविहिरींवर काम करणाऱ्यांचं राहायचं तरंगतं फलाट, ‘अलेक्झांडर कीलँड’. २१२ माणसं. एक पाय तुटला आणि फलाट क्षणात तीसएक अंशांनी कललं. सात होड्या होत्या. चार दोरांवरून उतरवता आल्या, पण पाण्यावर आल्यावर त्यांतली एकच सुटली! का, तर हुकाला सुरक्षेसाठी अशी खिट्टी होती की दोरावर ताण असेपर्यंत हूक उघडायचाच नाही. शांत पाण्यात हे शहाणपण आहे, चुकून होडी वरून पडू नये. खवळलेल्या समुद्रात दोरावरचा ताण जाईल कधी? होड्या दोरांना लटकून फलाटाच्या खांबांवर आपटत राहिल्या. १२३ माणसं गेली.

मग १९८६ पासून नियम आला की ताण असतानाही उघडेल असा हूक हवा. झालं काय? आता हूक नको तेव्हा उघडायला लागले. सरावाच्या वेळी, बंदरात, शांत पाण्यावर, होडी वर टांगलेली असताना. ब्रिटनच्या अपघात तपास खात्यानं २००१ मध्ये दहा वर्षांचा हिशेब मांडला, त्यात लाइफबोट आणि ती सोडायच्या यंत्रणेनं १२ खलाशांचा जीव घेतला होता. जीव वाचवायच्या साधनानं! त्यामुळे कित्येक बोटींवर खलाशी सरावालाच घाबरायला लागले. आणि सराव नाही म्हणजे खऱ्या वेळी हात चालत नाहीत. शेवटी हुकांची रचना पुन्हा बदलली. आता सरावाला जादा पट्टा लावून हूक बांधून ठेवतात आणि पाण्याला लागल्यावर तो काढतात. एक दोष काढायला गेलं की दुसरा निघतो, इंजिनियरिंगचा हा इतिहासच आहे.

आपल्या पाण्यात याची आठवण २०२१ मध्ये झाली. तौक्ते वादळ, १६-१७ मे. मुंबईच्या नैर्ऋत्येला हिरा तेलक्षेत्राजवळ ‘पी-३०५’ नावाचा बार्ज उभा होता. त्यावर २६१ माणसं. बार्जला स्वतःचं चालतं इंजिन नसतं, ओढून नेलं तरच हलतो. नांगर तुटले, बार्ज वाहत जाऊन तेलाच्या रिकाम्या फलाटावर आदळला, भोक पडलं. आता तराफे. फुगवायचे तराफे सोळा होते, पण त्यांतले चौदा निकामी निघाले असं वाचलेल्यांपैकी एका अधिकाऱ्यानं पत्रकारांना सांगितलं. संध्याकाळी बार्ज गेला आणि माणसांनी लाइफजॅकेटवर उड्या मारल्या. मग ते एकमेकांचे हात धरून घोळक्यांनी राहिले. एकटं डोकं लाटेत दिसत नाही, दहा जणांचा घोळका दिसतो. नौदलाच्या ‘कोची’ आणि इतर बोटींनी रात्रभर, तसल्या समुद्रात, शोधून १८६ जण वाचवले. ‘रामदास’शी ताडून बघा. होड्या-तराफे तेव्हाही उपयोगी पडले नाहीत, आत्ताही जवळजवळ नाहीच. पण या वेळी अंगात जॅकेट होतं आणि संदेश गेलेला होता. दहापैकी सात वाचले. ‘रामदास’चे दहापैकी तीनही नाहीत.

म्हणून मला कोणी विचारलं, सोडताना फसलेल्या होडीचं करायचं काय, तर उत्तर दोन तऱ्हेचं आहे. खलाशानं काय करायचं ते मघाशी सांगितलं. एक टोक अडकलं तर दुसरं सोडू नका, आधी दोन्ही थांबवा. कललेल्या बोटीवर खालच्या बाजूच्या होड्या आधी, व्हेस्ट्रिस विसरू नका. होडी दोरांना हिसके खात असेल तर तिच्यात माणसं चढवू नका, रिकामी उतरवा आणि माणसं नंतर घ्या. प्रवाशानं मात्र असं धरून चालावं की होडी मिळणार नाही. मिळाली तर उत्तम.

आपल्या बंदरातल्या लाँचवर तर दांड्यावरची होडी नसतेच. आहे ते अंगातलं जॅकेट आणि आजूबाजूच्या बोटी. १४ मार्च २०२० ला मांडव्याजवळ ‘अजंठा’ बुडू लागली, ८८ माणसं होती. सागरी पोलिसांची गस्तीची बोट जवळ होती, सगळेच्या सगळे ८८ निघाले. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची वेगवान बोट आदळली. दिवसाउजेडी, शांत पाणी, शंभरावर माणसं, आणि पुष्कळांच्या अंगात जॅकेट नव्हतं. आजूबाजूच्या बोटी धावल्या म्हणून बरेच वाचले, तरी पंधरा जण गेले. पावसाळ्यात गेटवे-मांडवा सेवा बंद असते, त्यावर लोक कुरकुर करतात. त्यांनी १७ जुलै ही तारीख आठवावी.

(व्याख्यानानंतर श्रोत्यांतून प्रश्न आला: लाँचवर बसल्या बसल्या जॅकेट घालून ठेवावं की हाताशी ठेवावं? आणि लाँच कलली तर?)

घालूनच ठेवा, काकू. ‘हाताशी’ ठेवलेलं जॅकेट पहिल्या धक्क्याला कोणाच्या तरी दुसऱ्याच्या हाताशी जातं. फक्त एक बघा, ही फोमची जॅकेटं आतून वर उचलतात. तेव्हा ताडपत्री लावलेल्या बंद बाजूला, कोपऱ्यात बसू नका. बाहेर पडायची वाट जवळ असेल अशी जागा घ्या. लाँच कलली तर उठून पळायचं नाही, बाकाला धरून बसायचं आणि शेजारच्यालाही बसवायचं, हात धरून बसवा हवं तर. आणि नातवंडं बरोबर असतील तर मोठ्या माणसाचं जॅकेट त्यांना अडकवू नका. पाण्यात पडल्यावर ते जॅकेट वर निघून येतं आणि मूल त्यातून खाली सरकतं. लहान मुलांची वेगळी येतात. बोटीवर चढायच्या आधी मागून घ्या, आणि कमरेचा पट्टा आवळा.